खणातला गेटपास

नवऱ्याच्या, मेहुलच्या वाढदिवसासाठी किंजल स्क्रॅपबुक करत होती. शेवटच्या पानावर खाली फुलाफुलांचा कागद, त्यावर लेस, आणि सगळ्यात वर फोम टेपनं उचलून लावलेला मेहुलचा कारखान्याचा गेटपास. ठेकेदार दर महिन्याला नवा पास द्यायचा, त्यामुळे खणात जुन्या पासांचा ढीग होता. त्यातला फोटो बरा आलेला एक तिनं सकाळीच कापून घेतला होता. कागद आणि लेस तिच्या भावानं, केदारनं पालघरहून आणून दिली होती. तो मेहुलच्याच प्लांटमध्ये पहिल्या पाळीला होता. तीन वाजता त्याच्या जागेवर मेहुल आला, की तो सुटायचा.

साडेतीनला सालवडच्या त्यांच्या खोलीची खिडकी हादरली. एमआयडीसीच्या बाजूनं पिवळा धूर चढत होता. शेजारीण जिन्यातून म्हणाली, "किंजल, मेहुलच्या कंपनीत स्फोट झालाय गं."

किंजल फोन लावत राहिली. डिंकाची बोटं स्क्रीनवर नीट टेकतही नव्हती. नवव्यांदा मेहुलनं उचलला.

"मी भायेरच हाय. पास सापडला नाय, वॉचमननं गेटवरच अडवला."

तिनं पानाकडं पाहिलं. पासावर याच महिन्याची तारीख होती. आपल्याच चुकीला तिनं हात जोडले.

पलीकडून मेहुलनं तिला हाक मारली.

 

"मी आत गेलो नाय, म्हणून केदारला सोडला नाय."