मागची दांडी

सुनेनं आपल्या मोटारसायकलला मागे क्रोमची दांडी बसवायला घेतली. असलं काम ती पहिल्यांदाच करत होती. दांडी आधी उलटीच बसली, मग सगळं खोलून पुन्हा लावावी लागली.

सासूबाई दारातून बघत होत्या. गाडी आल्यापासून त्यांनी तोंड फुगवलं होतं. "आधीच ते एवढं धूड, त्यात हा चकचकाट! लोक काय म्हणतील?"

"अहो आई, मागे बसणाऱ्याला धरायला आहे ती," सून नट आवळत म्हणाली.

"पक्की बसलीय का?"

"ओढून बघा ना."

सासूबाईंनी दोन्ही हातांनी दांडी गदागदा हलवून पाहिली आणि तडक आत निघून गेल्या. सुनेचा चेहराच पडला.



सासूबाई परत आल्या त्या हेल्मेटचा पट्टा लावतच. "चल, माझ्या धाकट्या जावेच्या दारावरून ने. आणि तिथं हॉर्न वाजव."