ओजिमातली रिकामी खोली

‘हा विनोद इथे कुणाला कळायचा नाही,’ यामिनी म्हणाली आणि तिने तो सरळ बदलून टाकला. लोरेन हसली. एका कृष्णवर्णीय अमेरिकन कुटुंबावरची ती विनोदी मालिका. त्यातली खोच लोरेनने समजावायची, कारण ती त्याच समाजातली. आणि यामिनीने ती जपानी सबटायटलमध्ये उतरवायची. लोरेनची स्वतःची जपानी कोनबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, डबा गरम करून घेण्यापुरती.

त्या भागात नायकाला रंगामुळे घर नाकारतात. प्रेक्षक हसणार होते, पण यामिनीचे डोळे भरून आले. पुण्यात आपल्यालाही काळी म्हणून दोन स्थळांनी नाकारलं होतं, हे तिने तेव्हाच सांगितलं. परक्या मुलखात सख्खी बहीण भेटावी तसं लोरेनला झालं.

म्हणूनच कंपनीची खोली सोडायची वेळ आली तेव्हा तिने यामिनीलाच गळ घातली. घरमालक तिचा चेहरा पाहून लांबूनच हात जोडत होते. घर मिळालं नाही, तर ही आवडती नोकरी सोडून अमेरिकेला परत जाणं भाग होतं. टोकियोतल्या ओजिमात, भारतीयांच्या वस्तीत, यामिनीच्या शेजारचीच खोली रिकामी होती.

‘मी बोलते ना मोरिता-सानशी,’ यामिनी म्हणाली.

घरमालक मोरिता म्हातारे, शांत गृहस्थ. त्यांनी दोघींना चहा दिला, लोरेनचं ऑफिसचं कार्ड दोन्ही हातांनी घेतलं. मग यामिनी जपानीत तावातावाने बोलत राहिली. ते मधूनच लोरेनकडे पाहत आणि मान खाली घालत. शेवटी यामिनीचा आवाज कापायला लागला. आपल्यासाठी कुणी इतकं भांडलेलं लोरेनने कधी पाहिलं नव्हतं.

‘आम्हा भारतीयांची सवय झालीय, पण आणखी परदेशी नकोत म्हणतात,’ बाहेर आल्यावर यामिनी म्हणाली. ‘खूप सांगितलं गं. पालथ्या घड्यावर पाणी.’

ती रडत होती. स्वतःचं दुःख बाजूला ठेवून लोरेननेच तिची समजूत काढली.

राजीनामा दिला गेला. निरोपाला यामिनीने डबाभर थालीपीठं आणली.

शेवटच्या दिवशी, यामिनी जेवायला बाहेर गेली असताना, मोरिता-सान ऑफिसात आले. हातात मिठाईचा खोका होता. इथे माफी मागायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही. कमरेत वाकून त्यांनी तो लोरेनला दिला. मग खिशातला फोन काढून ते त्यात सावकाश बोलले, आणि फोन तिच्या भाषेत बोलू लागला:

‘खोली अजून रिकामी आहे. माझी काहीच हरकत नव्हती. पण तुम्ही शेजारी आलात तर आम्ही घर सोडू, असं यामिनी-सान रडून सांगत होत्या.’