नेहलचे फोटो

"माले सस्ती-महाग सांगू नको. मजबूत दाखाड!" नमनने काउंटरवर हात आपटला.

नंदुरबारच्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात मालक अजितने निमूटपणे हार्ड डिस्कचा तिसरा खोका उघडला. गिऱ्हाईक घरूनच तापून आलंय, हे त्याने ओळखलं होतं. कुणावर तापलंय, तेही दिसत होतं. नमनची आई, धनकंवरबाई, मागे स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर पांढऱ्या कापडाची पिशवी होती आणि चेहरा अगदी शांत. त्या शांतपणानेच नमनच्या अंगाची लाही होत होती.

कापड नेहलसाठी घेतलं होतं. नमनची ही बहीण सत्तावीस वर्षांची. परवा अक्कलकुव्याला ती जैन दीक्षा घेऊन साध्वी होणार होती. मग ती कुणाची बहीण नाही, कुणाची मुलगी नाही. जाण्याआधी तिने एकच मागितलं होतं. माझे फोटो ठेवू नका, त्यात जीव अडकतो. घरातले अल्बम तिने स्वतःच नष्ट केले. घरच्या कॉम्प्युटरमधले फोटो आणि व्हिडिओ आज संध्याकाळी पुसणार होती. चौथीतलं गॅदरिंग, ताईपणाचा आव आणून नमनला राखी बांधणारी नेहल, त्याच्या वरातीपुढे चप्पल तुटेपर्यंत नाचलेली नेहल, सगळंच जाणार. नमनने त्याआधी गुपचूप कॉपी करून ठेवायचं ठरवलं होतं. कापड घ्यायला म्हणून आई बरोबर आली आणि त्याचं गुपित फुटलं.

"भाऊ, घरना फोटोस्ना बॅकअप शे ना?" अजित म्हणाला. "महिनामा एकदाव लावशी. मग हाई साधी हार्ड डिस्क ले. महागडी कसाले लेस?"

"पडनी तर?"

"पडनी तर गयी. पडाना भ्याव वाटस तर हाई एसएसडी ले. तीन वरीसनी गॅरंटी शे."

"तीन वरीस? माले जनमभरनी पाहिजे!"

जन्मभराची गॅरंटी देणारी वस्तू अजितच्याच काय, कुणाच्याच दुकानात नव्हती. पण हे त्या रागीट माणसाला सांगायचं कुणी? तेवढ्यात धनकंवरबाई बोलल्या. घरी त्यांची मारवाडी, बाजारात अहिराणी.

"कसाले पाहिजे? पोर पुसाले सांगस, तर पुसी टाक."

झालं. नमन गर्रकन वळला. आज्ञापत्रावर, म्हणजे घरच्यांच्या परवानगीच्या कागदावर, याच बाईने सगळ्यात आधी सही केली होती. वडील, नेमीचंद, आठ दिवस जेवले नव्हते. ही मात्र गावभर पेढे वाटत फिरत होती.

"तूच पहिले सही करी! बापना हात थरथरना, तुन्हा नही. तुले काळीज शे का दगड?"

दोन गिऱ्हाइकं मोबाईलमध्ये तोंड घालून उभी राहिली. नमनला लाज वाटली नाही. उलट आणखी बोलावंसं वाटलं. आईने भांडावं, रडावं, निदान एक शिवी द्यावी, एवढंच त्याला हवं होतं.

"गाडी लई ये," धनकंवरबाई म्हणाल्या. "उशीर व्हई ऱ्हायना."

नमनने काळी एसएसडी उचलली, पैसे टाकले आणि काचेचा दरवाजा धाडकन लोटून बाहेर पडला. गाडी लांब, बसस्टँडजवळ लावली होती.

तो कोपऱ्यावरून दिसेनासा होईपर्यंत धनकंवरबाई काचेतून बघत राहिल्या. मग घाईघाईने उठल्या. काउंटरपाशी येऊन त्यांनी तसल्याच काळ्या एसएसडीच्या खोक्यावर बोट ठेवलं. अजितने पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला.

"आखो एक दे, भाऊ. आन् फोटो ह्यामा कसा भरतस, ते माले शिकाड. तो गाडी लई येवाना आत."