तार जिवंत नाही ना?

वादळात खांब वाकला आणि गावाची वीज गेली. शेडमधली कोंबडीची पिल्लं बल्बच्या उबेवाचून गारठली. तात्या जनरेटरची वायर थेट घरातल्या प्लगात खुपसायला निघाले, तोच सून हर्षदानं त्यांचा हात धरला.

"तात्या, असं नका करू. आपली वीज उलटी गावच्या तारेत जाईल. खांबावर वायरमन शौकतभाई चढलेत."

"अगं, पिल्लं मरतील!"

"पिल्लं पुन्हा आणता येतील."

तात्यांनी वायर खाली ठेवली. हर्षदाच्या आयटीआयमधल्या इलेक्ट्रिशियनच्या शिक्षणाला त्यांनीच नाक मुरडलं होतं. आज तेच तिच्यासाठी बॅटरी धरून उभे राहिले. तिनं मेन स्विच पाडला आणि मीटरजवळ आपल्या पेटीतला चेंजओव्हर स्विच बसवला. आता घराला एकतर गावची वीज मिळणार किंवा जनरेटरची. दोन्ही एकत्र कधीच नाही.

जनरेटर धडधडला. काही पिल्लं तोवर गेली होती. उरलेली बल्बखाली गोळा झाली.

अंधारलेल्या गावात अचानक उजेड दिसताच शौकतभाईंचा हात तारेजवळ थबकला. ते वरूनच ओरडले, "तात्या, जनरेटर लावलाय? तार जिवंत नाही ना?"

तात्या अंगणात आले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बिनघोर काम कर! माझ्या सुनेनं जोडलंय!"