डिकीवरचा उडालेला रंग

"प्लॅस्टिकचा डबा हाय, राव," गोरख म्हणाला आणि मेहुण्याच्या नव्या मोटारीच्या दारावर त्याने नखाने टिचकी मारली. "ह्याला पत्रा म्हणत्यात व्हय? बकरीनं शिंग लावलं तरी पोचा येईल."

दसऱ्याची दुपार होती. लोणीत दादाभाऊच्या अंगणात ती पांढरी मोटार झेंडूच्या माळा लेवून उभी होती. चाकांखाली लिंबे, बॉनेटवर कुंकवाचे ओले स्वस्तिक. ते स्वस्तिक दादाभाऊच्या थोरल्या बहिणीने, गोरखच्या बायकोने, अंजनाने रेखले होते. ओवाळताना तिचा एक हात पदराखाली पोटाशीच होता. गेल्या महिन्यात मंचरच्या दवाखान्यात तिचे ऑपरेशन झाले होते, आणि जोराचे कोणतेही काम डॉक्टरांनी वर्ज्य सांगितले होते.

पाहुणे हसले तसा गोरखला चेव आला. नव्या गाड्या घेणाऱ्यांविषयी त्याच्या मनात एक थंड, मुरलेली तुच्छता होती. वस्तू जुनी झाली म्हणून टाकणारी माणसे उद्या माणसांनाही टाकतील, असे तो नेहमी म्हणे. पलीकडे उभ्या असलेल्या आपल्या निळ्या मोटारीकडे त्याने मान वळवली. तिची सारी दुखणी त्याला तोंडपाठ होती.

"आमची बघा. लग्नाच्या साली घेतली. पोरं शिकून पुण्याला गेली, तरी ही हाय तशीच. एकदा बी रस्त्यात दगा दिला न्हाई. तुमच्या ह्या बटनाच्या गाड्या चार वर्सांत भंगारात जातील. जपायची अक्कल लागती, पावणं!"

"अन् हा मागचा रंग कशानं उडाला, दाजी?" दादाभाऊने विचारले. निळ्या मोटारीच्या डिकीवर दोन ठिकाणी रंग पार गेला होता. खालचा पत्रा घासलेल्या तांब्यासारखा चमकत होता.

"उन्हानं."

"ऊन बी लई नेमबाज हाय, राव. दोनच जागा धरल्या!" पुन्हा हशा झाला. मग दादाभाऊचा आवाज उतरला. "थट्टा ऱ्हाऊ द्या, दाजी. आक्काला जपायला सांगितलंय. आता तरी दुसरी गाडी घ्या."

"आक्काला काय झालंय? गाडीतनंच तर फिरवतो तिला!"

ओट्यावर बसलेल्या अंजनाने वर पाहिले.

निघायची वेळ झाली. परगावी गेला की गोरख गाडी नेहमी उतारावर लावी, आणि तीही वळणापलीकडे, कुणाच्या नजरेस पडणार नाही अशी. आज कालव्याकडच्या उतारावर पाहुण्यांच्या गाड्यांची दाटी होती, म्हणून सपाट अंगणात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर त्याला ती लावावी लागली होती. तो आत बसला. गियर टाकला, क्लच दाबून धरला आणि खिडकीतून हात बाहेर काढून दारावर दोन थापा मारल्या.

ती त्यांची खूण होती. इतक्या वर्षांत तिचा अर्थ कधी उच्चारावा लागला नव्हता. थाप ऐकली की अंजना मागे जाई, गाडी ढकली आणि इंजिन धडधडू लागले की धावत येऊन शेजारी बसे. सेल्फ स्टार्टर कधीचाच मेला होता. एवढे एकच दुखणे दुरुस्त करण्याची गोरखला गरज भासली नव्हती. आज सकाळी घरून, कळंबहून निघतानाही तिनेच ढकलली होती. नंतर किती तरी वेळ तिची धाप ओसरली नव्हती, आणि तो समोर रस्त्याकडे पाहत राहिला होता.

त्याने पुन्हा थापा मारल्या. आरशात मागचे अंगण रिकामे होते.

"काय झालं, दाजी?"

"काय न्हाई. इंजिन गार हाय जरा."

अंजना ओट्यावरून सावकाश उतरली. ती मागे गेली नाही. त्याच्या बाजूला आली आणि तिने दार उघडले.

"उतरा. आज तुमी ढकला."

"अगं, येडी का काय!" सगळ्यांवरून नजर फिरवत तो हसला. "तुला कुठं येती गाडी?"

"क्लच कवा सोडायचा, ते मागनं आवाजावरनं कळतंय मला. उतरा."

या वेळी कुणी हसले नाही. दादाभाऊ हात लावायला पुढे सरसावला, तशी ती म्हणाली, "तू थांब."

गोरख उतरला. खाली मान घालून मोटारीला वळसा घालून मागे गेला, वाकला आणि आधारासाठी त्याने तळवे टेकवले. ते आपसूक त्या दोन चमकत्या जागांवर जाऊन बसले. फक्त त्याच्या बोटांची टोके बाहेर निळ्या रंगावर आली. ते ठसे त्याच्या पंज्यांहून लहान होते.