गुरुजींची सुशी

“गुरुजी, आप पीछे क्यों हट गए?” शेफ अनिमेषनं विचारलं.

नरहरी गुरुजी दचकले. ताटलीत भाताचा इवलासा मुटका ठेवून, हात जोडून ते तीन पावलं मागे सरकले होते. नजर वर, छताकडे. नव्या रायपुरातल्या हॉटेलचा तो काचेचा हॉल, आत दुपारचं पांढरं ऊन, त्यात तरंगणारी भाताची वाफ. गुरुजींना क्षणभर खारुन नदीचा घाटच वाटला. आता या हॉलात कावळा कुठून यायला!

चाळीस वर्षं दुसरं केलं काय त्यांनी? रायपूरच्या मराठी घरांत कोणी गेलं, की दहाव्याचे पिंड गुरुजींनीच वळायचे. जपानी सुशी शिकायला ते काही हौसेनं आले नव्हते. मुलाला ऐनवेळी ऑफिसात थांबावं लागलं. सुशीच्या वर्गाचा पास फुकट जाऊ नये म्हणून सून अनुश्री त्यांना घेऊन आली.

पोरगी गुणाची. पण लग्नाला सहा वर्षं झाली, तिनं सासऱ्याच्या हातचा भात कधी खाल्ला नव्हता. तिच्या वडिलांचे पिंड याच हातांनी वळले होते, तिच्या डोळ्यांदेखत. ती नुसतं ताट बाजूला सारायची. गुरुजींना ते फार लागायचं.

“हाथ तो आपका एकदम तैयार है,” शेफ म्हणाला. “पर सुशी रखकर इंतज़ार नहीं करते. बनाई, और सीधे खानेवाले को. चलिए, बहू को दीजिए.”

गुरुजींनी नवा मुटका वळला. अंगठ्यानं हलकेच दाबला, वर काकडीची चकती ठेवली. हात पुढे केला.

“नको वाटत असन तर राहू दे, पोरी,” ते हळूच म्हणाले. “मले समजते.”

अनुश्री त्या हाताकडे बघत राहिली. वाफेत सगळंच मऊ, लांबचं दिसत होतं. मग तिनं मुटका उचलला आणि अख्खा तोंडात टाकला. डोळे मिटून चावला, गिळला. पापण्या ओल्या झाल्या होत्या.

“बाबा,” ती म्हणाली, “यात मीठच नाहीये!”

भातात मिसळायला दिलेली मिठाची वाटी जशीच्या तशी भरलेली होती. पिंडाच्या भातात मीठ घालत नाहीत. हाताला सवय तीच.

शेफ हसायला लागला. गुरुजींना मात्र फार आनंद झाला. चाळीस वर्षांत त्यांच्या भाताला खाणाऱ्यानं नावं ठेवली, ती आज पहिल्यांदा.