दोघांत एक नाक

"आधी तू सांग," ऋषिकेशनं ग्लास गजाननकडे सरकवला. "मंग मी सांगतो."

"मी काय सांगू बे? मले पाणी अन् घासलेट सारखंच."

नागपुरातली ती त्या दिवसाची दुसरी ब्रुअरी होती. शनिवारची दुपार. काचेपलीकडे बिअरच्या मोठाल्या टाक्या चकाकत होत्या, आणि सौसरजवळच्या रामाकोन्याचा संत्रा बागायतदार गजानन कडक इस्त्रीचा शर्ट घालून असल्या ठिकाणी आयुष्यात त्या दिवशीच पहिल्यांदा बसत होता.

पाच वर्षांपूर्वी कोरोनानं त्याचं नाक नेलं ते नेलंच. जीव वाचला, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार? पण फेब्रुवारीत बागेला आंबिया बहार फुटला की तो कासावीस व्हायचा. तीनशे झाडं पांढरीशुभ्र. रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून वास घ्यायचे, आणि मालक मधोमध ठोंब्यासारखा उभा. डॉक्टर म्हणाले, आता विसरा. विसरा म्हणे! त्याला एकदाच, मरायच्या आधी एकदाच, तो वास पाहिजे होता.

ऋषिकेश मूळचा पांढुर्ण्याचा, पण शाळा रामाकोन्यात झालेली; तेव्हापासूनचा जिगरी दोस्त. पुण्यात क्राफ्ट बिअर बनवायचा. नुसत्या वासावरून कोणत्या टाकीत काय बिघडलं ते सांगतो, असं त्याचं नाव होतं. या वर्षी त्याचा आपणहून फोन आला. "बहार फुटला की येतो. शनिवारी नागपूरच्या ब्रुअऱ्या फिरू. तिथं वासच वास असते, तुझं नाक जागं होईल. नाही झालं, तर रविवारी तुझ्या बागेत बसू. माझं नाक दोघांले पुरते."

तर असा हा दौरा. इथली बिअर बनवणारी प्रणाली छोटे छोटे पाच ग्लास घेऊन आली. ऋषिकेशला ती नावानं ओळखत होती, सारखी सर सर करत होती. त्यानं तिला प्रत्येक ग्लासाची माहिती विचारली.

"यात संत्र्याची साल आहे सर, आणि थोडे धणे."

ऋषिकेशनं डोळे मिटून ग्लास नाकाशी धरला. बराच वेळ धरला. उपाशी माणसानं दुसऱ्याच्या ताटाकडे पाहावं, तसा गजानन त्याच्याकडे पाहत होता.

"साल," ऋषिकेश म्हणाला. "अन् मागून धणे."

"काय नाक आहे बाप्पा!"

गजानननंही ग्लासात नाक खुपसलं. काही नाही. थंड, कडू, संपलं.

"तू अजून स्वतः बनवतं का?" त्यानं विचारलं.

"नाही. आता मी ऑफिसात बसतो. टाक्या बाकीचे पाहतात."

"साहेब झाला लेका!"

ऋषिकेश हसला आणि त्यानं पुढचा ग्लास ओढला. पाचही ग्लासांनी गजाननचं नाक काही उठलं नाही. परतीच्या बसनं दोघं सौसरला उतरले आणि तिथून रामाकोन्याला आले.

घरी बायको, रजनी, नव्हती. भाचीच्या साखरपुड्यासाठी ती शुक्रवारीच सकाळी मोहगावला गेली होती. गजानननं स्वतः झुणका टाकला. ऋषिकेशनं मात्र झुणक्यापेक्षा ठेचाच जास्त खाल्ला. घामानं निथळला, तरी पुन्हा वाढून घेतला.

"पुण्यात राहून तिखट खाणं नाही सुटलं तुझं," गजानन म्हणाला.

"तेवढंच त् समजते," ऋषिकेश म्हणाला.

रविवारी सकाळी दोघं बागेत गेले. विहिरीजवळच्या झाडांना सगळ्यात जास्त फुलं होती. गजानननं तिथंच दोन खुर्च्या टाकल्या. वर मधमाश्या घोंगावत होत्या.

"सांग आता," तो म्हणाला. लहान पोरासारखा हट्ट करून राहिलो, असं वाटून त्याला लाज वाटली.

"डोळे मीट."

गजानननं डोळे मिटले.

"पहिले गोड येते. पण साखरेचं गोड नाही, हलकं. मंग एकदम कच्च्या सालीचा झणका, नखानं सोलल्यावर येते तसा. सगळ्याच्या खाली ओली माती." ऋषिकेश थांबत थांबत बोलत होता. "दहावीत अभ्यासाच्या नावानं आपण इथं येऊन झोपायचो, आठवते? उठलो की शर्टाले हाच वास. तुझी आई म्हणायची, पोट्टे अत्तर लावून फिरून राहिले."

आणि काय सांगावं! गजाननला क्षणभर तो वास आला. खरोखर आला, आईच्या आवाजासकट. त्याच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. पाच वर्षांत त्याला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

त्यानं डोळे उघडले, तर ऋषिकेशही रडत होता.

"तू काऊन रडतं बे?"

"तुझ्यामुळे," ऋषिकेश म्हणाला आणि त्यानं रुमाल काढला.

दीड तासानं ते उठले. सौसरच्या बसस्टँडवर ऋषिकेशनं त्याला घट्ट मिठी मारली. "पुढच्या बहाराले पुन्हा येतो," म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी रजनी ऑटोनं बागेच्या फाटकाशी उतरली. गजानन तिची पिशवी घ्यायला पुढं झाला. दोस्तानं कसा वास दाखवला, हे कधी एकदा सांगतो असं त्याला झालं होतं. पण दहा पावलं चालून आल्यावर तिनं पदर नाकाला लावला.

"काहो, काय सडलं इथं?"

ती तरातरा विहिरीकडे गेली. खुर्च्यांच्या मागं दशपर्णी अर्काचा निळा ड्रम होता. फवारणीसाठी कडुनिंब, लसूण, शेण, गोमूत्र घालून महिनाभर सडवलेला. शुक्रवारी दुपारी गजानननं तो काठीनं ढवळला होता. झाकण तसंच खाली पडलेलं होतं.

"अगं माय! दोन दिवसांपासून उघडा आहे का हा?" रजनीनं झाकण दाबून बसवलं. "डोकं भणकून राहिलं माझं. इथं फुलांचा वास त् सोडा, माणूस उभा नाही राहू शकत. ऋषिभाऊले कुठं बसवलं होतं तुम्ही?"

गजाननला ऋषिकेशचं ठेच्यावरचं बोलणं आठवलं: तेवढंच त् समजते.

"इथंच," तो म्हणाला. "दीड तास."